पंधराव्या दिवशी धुवायची गाडी

लातूरच्या आमच्या गल्लीत सगळ्यात मळकी गाडी ज्यांची होती, त्यांनाच गाडीच्या रंगातलं सगळ्यात जास्त कळत होतं. हे कळायला मला आठ दिवस लागले. गल्लीला सतरा वर्षांतही कळलं नव्हतं.

ते आमचे घरमालक. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं रसाचे आणि पाण्याचे नमुने तपासून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. खाली काका आणि काकू राहायचे, वरच्या मजल्यावर आम्ही चौघं. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये त्यांची डाळिंबी रंगाची गाडी. डाळिंबी हे मी सांगतोय म्हणून. एरवी बघणाऱ्याला ती मातकटच दिसायची.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. रस्त्यांच्या मोजमापांच्या वह्या तपासणं हे माझं काम, त्यामुळे गाडीसाठीही मी एक वही केली होती. किती किलोमीटर झाले, किती पेट्रोल लागलं, हवा कधी भरली. त्यात रोज सकाळी एक ओळ असायची : 'गाडी पुसली, चार मिनिटं.' पिवळं मऊ फडकं मुद्दाम दुकानातून आणलेलं होतं. आठव्या दिवशी मी बॉनेटवर हात फिरवत होतो, तोच मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

"थांबा साहेब. काय करून राहिलात?"

"पुसतोय काका. धूळ बसली रात्रीत."

"बसू द्या की. तिनं काय वाईट केलं तुमचं?" मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. "एका जागेवरून किती वेळा हात फिरवता?"

"पाच-सहा वेळा."

"सहा धरू. आठ दिवस झाले, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा. धूळ मऊ दिसते, पण तिच्यात मुरमाचे कण असतेत. अठ्ठेचाळीस वेळा तुम्ही बॉनेटवर पॉलिश पेपर मारलाय."

मला हसू आलं. मग त्यांनी घरातून टॉर्च आणली आणि बॉनेटवर तिरकी धरली. उजेडाच्या भोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसलं, कोळ्यानं विणल्यासारखं. नव्या गाडीवर, आठ दिवसांत. नंतर त्यांनी मला शेडमध्ये नेलं. तिथे मग्यातून त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर पाण्याची धार सोडली, हातही लावला नाही. माती वाहून गेली आणि खाली वीतभर जागेत डाळिंबी रंग असा उघडा पडला की त्यात मला माझ्या शर्टाची गुंडी दिसली. टॉर्च लावली. एकही रेघ नव्हती.

"वरचा जो काचेसारखा थर असतो ना, तो तुमच्या केसाहून पातळ असतो," काका म्हणाले. "तेवढाच मिळतो जन्माला. घासून संपवायचा का पुरवून वापरायचा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

त्या रात्री मी वहीतली ती ओळ बंद केली.

काकांचा नेम पंधरा दिवसांचा. पावसाळ्यात चिखल उडाला तर तो वाळायच्या आत नुसतं पाणी मारायचं, पण साबण लावून हात फिरवायचा तो पंधराव्या दिवशीच. तेही संध्याकाळी पाचनंतर, बॉनेटला हाताची पाठ लावून ते गार आहे याची खात्री झाल्यावर. दोन बादल्या. एकीत गाडीचा साबण, दुसरीत साधं पाणी. कापड गाडीवरून एकदा फिरलं की साध्या पाण्यात पिळायचं आणि मगच साबणात बुडवायचं. सुरुवात टपापासून, शेवट चाकांशी. चाकांचं कापड वेगळं, आणि ते चुकून वर जाऊ नये म्हणून त्याला काळा दोरा शिवलेला. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर त्यांच्या शेडमध्ये यायला बंदी होती. अपवाद एकच, पक्ष्याची विष्ठा. ती दिसली की पंधरा दिवस बघायचे नाहीत. तासाभराच्या आत ओलं फडकं तिच्यावर पाच मिनिटं ठेवायचं आणि उचलून घ्यायचं. घासायचं नाही, उचलायचं. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही, आणि मी बहुतेक गोष्टी मोजतो.

मग पाण्याचा प्रश्न होता. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं जड की किटलीत खडे धरतात. काकांकडे पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं एक यंत्र होतं. ते बोअरच्या पाण्यात बुडवलं की आकडा हजाराच्या वर जायचा. हे पाणी गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके पडतात, आणि ते ठिपके काढायला लोक पुन्हा घासतात. त्यामुळे शेवटचा हात कोणत्या पाण्याचा, हा काकांच्या दृष्टीनं खरा मामला. शेजारी एक दातांचा दवाखाना होता. त्यांच्या एसीची नळी आमच्या बोळात गळायची. काकांनी तिच्याखाली वीस लिटरचा कॅन लावून ठेवला होता. त्या पाण्याचा आकडा अकरा.

दवाखान्यातला कंपाउंडर एकदा म्हणाला, "काका, आमचे पेशंट थंडीनं कुडकुडले तरी चालेल, पण तुमच्यासाठी एसी सोळावर ठेवू का?"

"चोवीसवर राहू दे," काका गंभीरपणे म्हणाले. "पंधरा दिवसांत वीस लिटर पुरतं मला. जास्तीचं काय करू?"

गल्ली मात्र त्यांना कंजूष समजायची. चौदा दिवस गाडी मातीनं भरलेली, आणि पंधराव्या दिवशी संध्याकाळी दोन तास झटून ती आरशासारखी. पण तोवर अंधार पडायचा आणि ती कुणी बघायचं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं एकदा गंमत म्हणून गाडीच्या मागच्या काचेवर बोटानं लिहिलं, 'धुवा.' काकांनी ते वाचलं, सरळ दुकानात गेले आणि म्हणाले, "काचेवर लिहिलंत म्हणून सोडतो. डिकीवर लिहिलं असतं तर ते अक्षर जन्मभर राहिलं असतं." दुकानदार मला म्हणाला, "मला वाटलं शिव्या देतेत. हे तर अक्षराचं सांगून राहिले."

टँकरच्या उन्हाळ्यात त्यांनी गाडी अजिबात धुतली नाही. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि गाडीला बादलीभर पाणी घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडातलं काढून घेण्यासारखं, असं ते म्हणायचे. एसीचं पाणीसुद्धा त्या दिवसांत संडासात ओतायला जायचं. चार महिने गाडी तशीच उभी. मी म्हटलं, "काका, आता खराब होईल ना रंग?"

"धुळीनं रंग खराब होत न्हाई, साहेब. हातानं होतो." पाऊस पडून पाणी आलं तेव्हा त्यांनी गाडी धुतली आणि मला टॉर्च दिली. मी चारही बाजूंनी आणि टपावरून तपासली. मोजमाप तपासणाऱ्याच्या नजरेनं सांगतो, काही निघालं नाही.

घरात मात्र या शास्त्राला एकच विरोधक होत्या, काकू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्यांची पूजा असायची. आमच्या हिनं आमच्या गाडीच्या बॉनेटवर ओल्या कुंकवानं सुबक स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी ते धुतलं, पण आमची गाडी पांढरी, त्यामुळे गुलाबी स्वस्तिक तिथे कायमचं राहिलं. खालच्या शेडमध्ये काका समोरच्या काचेवर बोट दाखवून काकूंना सांगत होते, "इथं काढ. काचेला काही होत नाही."

"देव काय वायपरवर बसून येतो का?" काकू म्हणाल्या. "बॉनेटवर काढतेत सगळे."

"सगळ्यांच्या बॉनेटवर टॉर्च मारून बघ."

"मी देवाच्या दारात टॉर्च घेऊन जात नसते."

शेवटी स्वस्तिक काचेवर निघालं, हार आरशाला अडकला, आणि नारळ फोडला तो चाकापासून सहा फुटांवर. काकूंनी प्रसाद देताना मला हळूच सांगितलं, "लग्नात मला इतकं जपून आणलं नव्हतं यांनी. मुरुडहून लातूरला ट्रकच्या मागं बसून आले मी."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते एका गुरुवारी थांबलं. काका भाजी आणायला गाडी घेऊन गेले आणि दहा मिनिटांत रिकाम्या पिशवीसह परत आले. गाडी शेडमध्ये लावली, किल्ली काकूंच्या हातात दिली आणि ओट्यावर बसले. मी कामावर निघालो होतो.

"काय झालं काका?"

"काही झालं न्हाई. डावीकडून एक सायकलवाला आला. वाचला तो. पण मी ब्रेक मारला म्हणून नाही वाचला, तोच वळला म्हणून वाचला. मी त्याला पाहिलंच नव्हतं."

डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, बाजूचं मिटत चाललं होतं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणायच्या आधीच यांनी बंद केली होती. पुण्याचा मुलगा आला आणि म्हणाला, आता दोघांनी आमच्याकडे यायचं. काकूंना जायचं होतं. नातीला बघून त्यांना वर्ष झालं होतं. मुलाच्या इमारतीत पार्किंग एकच, आणि ते त्याच्या गाडीचं. त्यानं मे अखेरची मुदत घातली. तोवर काकांनी गाडी विकली तर ठीक, नाहीतर तो ती जुन्यांच्या दुकानात देऊन मोकळा होणार होता.

"गाडी चांगल्या हातात पडल्याशिवाय मी लातूर सोडत नसतो," काका म्हणाले. ते बोलतात ते करतात, हे मुलालाही माहीत होतं. मुदत ओलांडली तर काकू एकट्या जाणार आणि हे इथं अर्ध्या नजरेनं एकटे राहणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मी जाहिरात टाकली. गाडी सतरा वर्षांची, नव्यानं केलेलं पासिंग अजून तीन वर्षं, सगळा रंग कंपनीचा. पुढच्या पाच आठवड्यांत सात जण आले. काकू म्हणायच्या, "पोरीला इतकी स्थळं बघितली नव्हती." काका प्रत्येकाला मळक्या गाडीपाशी न्यायचे, हातात कोरडं पिवळं फडकं द्यायचे आणि म्हणायचे, "जरा पुसून बघा, रंग कसा आहे." माणूस हात पुढे करायचा. फडकं धुळीला लागायच्या आत काका मनगट धरायचे. मग विचारायचे, "गाडी किती दिवसांनी धुता?"

उदगीरचा एक कापड दुकानदार अभिमानानं म्हणाला, "रोज. सकाळी सहाला ड्रायव्हर फडकं मारतो. आम्ही लई चकाचक ठेवतो."

"चहा घ्या," काका म्हणाले.

नांदेडहून एक तरुण ठेकेदार आला. "आठवड्यातून तीनदा वॉशिंग सेंटरला टाकतो. फोम मारतो, प्रेशर मारतो."

"फोम कसला?"

तो विचारात पडला. "पांढरा."

"चहा घ्या."

चहा म्हणजे नकार, हे मला तिसऱ्या माणसापर्यंत कळलं. सातही जणांना चहा मिळाला. त्यातल्या दोघांनी मागितलेल्या किमतीहून जास्त देऊ केलं होतं. सातवा गेल्यावर मी जरा तोडूनच बोललो. "काका, मे संपायला नऊ दिवस राहिले. तुमच्या परीक्षेत कुणी पास होणार नाही. मीसुद्धा नापासच झालो होतो."

"तुम्ही नापास झालात, पण वहीतली ओळ खोडलीत. हे लोक खोडणार न्हाईत. त्यांना हौस आहे. आळशी माणूस रंगाचं नुकसान करत नाही, साहेब. हौशी माणूस करतो."

काकू आतून म्हणाल्या, "मग एखादा आळशी बघा लवकर. मी पिशव्या भरून बसले."

अहमदपूरच्या बाई रविवारी दुपारी आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, शाळा गावापासून सव्वीस किलोमीटर, एसटी वेळेवर नाही म्हणून गाडी हवी होती. सोबत भाऊ होता, तो लगेच बॉनेट उघडून इंजिन बघायला लागला. काकांनी बाईंच्या हातात फडकं दिलं. "जरा पुसून बघा, रंग कसा आहे."

बाईंनी फडकं घेतलं, गाडीकडे बघितलं आणि फडकं काकांना परत दिलं.

"पाणी असेल तर टाका थोडं. दिसंल रंग. असं कोरडं नको."

"का हो?"

"फळा असाच खराब झाला आमचा. डस्टर झटकायचं नाही, खडूची भुकटी तशीच, अन् पोरं दाबून पुसतेत. वर्षात फळ्यावर अशा रेघा उठल्या की अक्षर दिसेना. मग मी फडकं ओलं करून नुसतं टेकवायला लावलं."

 मी काकांकडे बघितलं तर ते गाडीऐवजी बाईंच्या हाताकडे बघत होते.

"गाडी किती दिवसांनी धुवाल?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

बाई ओशाळल्या. "खोटं कशाला बोलू काका. आठवडाभर शाळा, रविवारी धुणं, घर, सासूबाईंचं बघणं. महिन्यातून दोनदा झालं तर लई झालं. मळकीच राहील बघा गाडी. तुम्हाला चालत नसंल तर सांगा."

भावानं बहिणीला कोपरानं ढोसलं. असं कुणी विकत घेताना बोलतं का, असा त्याचा चेहरा.

"महिन्यातून दोनदा," काका म्हणाले. मग घराकडे तोंड करून, "अगं, चुरमुरे भिजव. सगळ्यांना खायला सुशीला कर. चहा नंतर."

किमतीवर ते बोललेच नाहीत. बाईंनी जो आकडा सांगितला तो त्यांनी मान्य केला आणि मला लिहून घ्यायला सांगितला. मग तासभर बाईंना शेडमध्ये उभं करून दोन बादल्या, काळ्या दोऱ्याचं कापड, विष्ठा उचलायची रीत, सगळं सांगितलं. बाईंनी पर्समधून वही काढून लिहून घेतलं. कुणी आपलं म्हणणं लिहून घेतंय हे काकांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिलं असावं. ते अधूनमधून थांबायचे, बाईंचं लिहून व्हायला वेळ द्यायचे.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा ते ओट्यावर होते. वळणावर ती डावीकडे गेली, म्हणजे त्यांना न दिसणाऱ्या बाजूला. त्यांनी मान वळवली नाही. मला म्हणाले, "गेली का?" मी म्हटलं, गेली. तीन दिवसांनी ती दोघं पुण्याला गेली. मे संपायला चार दिवस बाकी होते.

पुण्याहून फोन यायचे. डोळ्यांचे थेंब, नात, पुण्याच्या पाण्याचा आकडा, हे सगळं सांगून झालं की ते गाडीबद्दल काही विचारायचे नाहीत. विचारायचे नाहीत हे मला खटकायचं. काकूंनी एकदा फोन घेऊन सांगितलं, "पार्किंगमध्ये जाऊन लोकांच्या गाड्यांवर टॉर्च मारतेत. वॉचमननं दोनदा हटकलं. आणि जेवताना मध्येच थांबतेत. चांगला माणूस निवडला का, हेच चाललंय डोक्यात. तोंडानं बोलायचे न्हाईत."

दिवाळीनंतर मला कामानं अहमदपूरला जावं लागलं. काम संपल्यावर मी बाईंचं घर विचारत गेलो. गाडी दाराबाहेर उभी होती आणि ती इतकी मळली होती की क्षणभर मी दुसरीच समजलो. टपावर धूळ, काचांच्या कडांना धूळ, दाराच्या खालच्या बाजूला वाळलेले शिंतोडे. पण मी चारही बाजूंनी फिरलो. त्या धुळीवर कुठेही हाताची एक रेघ नव्हती. पुसल्याची खूण नव्हती. शाळेत पोरं भोवती येत-जात असतील, पण कुणी बोटही ओढलेलं नव्हतं.

बाई बाहेर आल्या आणि लाजल्या. "बारावा दिवस हाय भाऊ. रविवारी धुणार. काकांना सांगू नका."

मी म्हटलं, सांगणारच आहे. मी त्यांना पाणी मागितलं. त्यांनी घागरीतून तांब्या भरून आणला आणि स्वतःच बॉनेटच्या कोपऱ्यावर धार धरली, हात न लावता. माती वाहिली. मी मोबाईलचा दिवा तिरका धरून बघितलं, दोनदा बघितलं, आणि तिथूनच पुण्याला फोन लावला. काकांनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"काका, अहमदपूरला आहे. गाडीपाशी."

"सांगा."

"मळली आहे. लई मळली आहे. रंग ओळखू येत नव्हता."

"पुसलेली?"

"कुठेच नाही. बॉनेटवर पाणी टाकून दिवा लावून बघितलं."

"कडांना बघितलं? कडांना आधी उठतात."

"कडांनाही बघितलं. एक नाही."

 मग फोन तोंडापासून लांब धरून काका मागे सांगत असलेलं मला ऐकू आलं, "अगं, गाडी मळलेली हाय म्हणतेत. सगळी मळलेली. एक रेघ न्हाई."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "आता नीट बसून जेवा."